थंडीत प्लग-इन हायब्रिड गाडी आधीच तापवून ठेवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मुख्यतः ऑन्टॅरिओत राहणाऱ्या मराठी घरांसाठी आहेत. टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, किचनर-वॉटर्लू, ओटावा या भागांत प्लग-इन हायब्रिड गाड्या (भिंतीतल्या सॉकेटवर चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन, दोन्ही असलेल्या) आता बऱ्याच घरांपुढे दिसतात, आणि पहिली कडक थंडी पडली की तेच प्रश्न पुन्हा येतात. चार्ज पूर्ण असताना इंजिन का सुरू झालं? हीटरने बॅटरी संपते का? गॅरेजमध्ये गाडी तापवली तर चालेल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जिवाशी निगडित आहे. घाईत असाल तर निदान तेवढं आधी वाचा.

आकडे दिलेत तिथे बहुतेक ठिकाणी टोयोटा रॅव्ह-फोर प्राइमचं उदाहरण घेतलं आहे (२०२५ च्या मॉडेलपासून तिचं नाव रॅव्ह-फोर प्लग-इन हायब्रिड झालं). तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे थोडे बदलतील, तत्त्व तेच राहील.

प्रीहीट केल्यावर, म्हणजे निघायच्या आधीच गाडी तापवल्यावर, तिच्यातलं नेमकं काय तापतं?

आतली हवा, काचा आणि गाडीत सोय असेल तर सीट व स्टिअरिंग. इंजिन तापत नाही. त्यासाठी ब्लॉक हीटर असतो, त्याबद्दल पुढे येईलच. गाडी चालवणारी मोठी बॅटरी तापेल की नाही हे गाडीवर अवलंबून आहे. थंड देशांत विकल्या जाणाऱ्या अनेक मॉडेलांत बॅटरीसाठी वेगळा हीटर असतो, पण तो बहुधा गाडी प्लगला लावलेली असतानाच चालतो. गाडी रात्रभर प्लगला लावून ठेवायचं हे एक मोठं कारण आहे, चार्ज आधीच पूर्ण झालेला असला तरीही.

पेट्रोल गाडीवाले पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात आणि निघतात. आम्हालाच एवढा विचार कशाला?

पेट्रोल गाडीत हीटरची ऊब फुकटात मिळते. इंजिनाची जी उष्णता एरवी वाया जाणार, तीच आत वळवलेली असते. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत अशी फुकटची उष्णता नसते, पण तिथे बॅटरी ६०-८० युनिटांची असते, त्यामुळे हीटरने एक-दोन युनिटं खाल्ली तरी फारसं जाणवत नाही. (युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, वीजबिलात असतं तेच.)

प्लग-इन हायब्रिड या दोघांच्या मधे अडकते. रॅव्ह-फोर प्राइमची बॅटरी १८.१ युनिटांची आहे, मित्सुबिशी आउटलँडरच्या २०२३ च्या मॉडेलची २० ची, क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिडची १६ ची. एवढ्याशा साठ्यातून हीटरही चालवायचा आणि ऑफिसलाही पोहोचायचं. बरं, गाडीत इंजिन हजर असल्याने जरा थंडी वाढली की गाडी सरळ त्याचीच मदत घेते. ज्या पंधरा किलोमीटरसाठी एक थेंब पेट्रोल लागायला नको, तिथे थंडगार इंजिन सुरू होतं, जेमतेम तापतं आणि तुम्ही पोहोचता.

थंड इंजिनाची ही पहिली काही मिनिटं सगळ्यात वाईट. पेट्रोल जास्त जातं, आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काहीशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. गाडीत बसायच्या आधीच भिंतीतल्या विजेवर आतली हवा तापलेली असेल, तर हे इंजिन सुरू होण्याचं कारणच बऱ्याचदा उरत नाही. प्रीहीटचा खरा फायदा हा आहे. बुडाला मिळणारी ऊब त्यावर वरकड.

चार्ज शंभर टक्के होता, ईव्ही मोडही (गाडी फक्त विजेवर चालवायची सेटिंग) लावला होता. तरी इंजिन का सुरू झालं?

बहुतेक वेळा हीटरमुळे. विजेवर ऊब तयार करायचे दोन मार्ग आहेत. एक, विजेची कॉइल किंवा तत्सम हीटर: सोपा, खात्रीचा, पण वीज भरपूर खातो, सुरुवातीला साधारण ५ ते ७ किलोवॅट. दुसरा हीट पंप: फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसाच हा बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून गाडीत आणतो. त्याला वीज खूपच कमी लागते, पण बाहेर जसजसं गार होत जातं तसतशी त्याची ताकद आटते. रॅव्ह-फोर प्राइममध्ये हीट पंप आहे. साधारण वजा १० अंशांच्या खाली हीटर चालू असेल तर तिचं इंजिन मदतीला येतं. यात बिघाड काही नाही, गाडी तशीच बनवली आहे.

बाकीच्या गाड्यांचे नियम वेगवेगळे. शेव्हरोले व्होल्टमध्ये (२०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण रस्त्यावर अजून पुष्कळ आहेत) कोणत्या तापमानाला इंजिनाने मदतीला यायचं हे सेटिंगमधून आणखी खाली ढकलता येतं. ती सेटिंग बघितली नसेल तर आजच बघा. याउलट अमेरिकेत विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या किआ नीरो प्लग-इनसारख्या गाड्यांत हीटर लावला की इंजिन सुरू होतंच, कारण आतली हवा तापवण्यापुरता विजेचा हीटर तिथे दिलेलाच नाही.

अजून एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. काही गाड्यांत पुढच्या काचेचा डिफ्रॉस्ट दाबला की बाहेर फार थंडी नसली तरी इंजिन चालू होतं, टोयोटाच्या प्लग-इन गाड्यांतही हे होतं. निघायच्या आधीच काच मोकळी झालेली असेल तर ते बटण दाबायची वेळच येत नाही.

प्लग न लावता, नुसत्या बॅटरीवर प्रीहीट केलं तर?

अनेक गाड्यांत होतं, काहींत होत नाही. होत असलं तरी मी ते फक्त नाइलाज म्हणून करेन. समजा हीटर ५ किलोवॅटने १५ मिनिटं चालला. म्हणजे सव्वा युनिट गेलं. १८ युनिटांच्या बॅटरीचे ते जवळजवळ सात टक्के, अंतरात मोजायचं तर चार-पाच किलोमीटर. ही वीज भिंतीतून आली असती तर तेवढे किलोमीटर तुमच्याकडे राहिले असते.

आमच्याकडे साधं १२० व्होल्टचं सॉकेट आहे. त्यावर प्रीहीट केल्यावर चार्ज पाच टक्क्यांनी कमी दिसतो. चार्जर बिघडलाय का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून हिशेब पूर्णच मांडतो.

घरातल्या नेहमीच्या सर्किटचा ब्रेकर १५ अँपिअरचा असतो. तासन् तास चालणाऱ्या उपकरणाने त्याच्या ८० टक्क्यांच्या वर जायचं नाही असा नियम आहे, म्हणून गाडीबरोबर आलेला चार्जर १२ अँपिअरच घेतो. १२० गुणिले १२ म्हणजे १४४० वॉट, दीड किलोवॅटही नाही. हीटरला मात्र सुरुवातीला ५ किलोवॅट हवे असतात. उरलेले साडेतीन कुठून येणार? बॅटरीतूनच. पंधरा मिनिटांत हीटरने सव्वा युनिट घेतलं, भिंतीने दिलं जेमतेम पाव-तृतीयांश युनिट, आणि बॅटरीतून गेलं पाऊण ते एक युनिट. तुम्हाला दिसणारे पाच टक्के ते हेच.

ही तूट भरून निघायला त्याच सॉकेटवर पाऊण तास लागेल. काही जण म्हणून तासभर आधी प्रीहीट करतात, म्हणजे निघेपर्यंत चार्ज पुन्हा पूर्ण. पण तेवढ्या वेळात उघड्यावर उभी असलेली गाडी परत गार पडते आणि सगळी मेहनत वाया जाते. माझं स्पष्ट मत: पाच टक्के जाऊ द्या. प्रीहीट केलं नसतं तर तीच वीज तुम्ही रस्त्यावरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत खर्च केली असती, वर इंजिन सुरू झालं असतं ते वेगळं. एकदा हवा तापली की ती टिकवायला दीड-दोन किलोवॅट पुरतात. खर्चिक असतो तो सुरुवातीचा जोर, आणि त्यातला निदान काही भाग तरी भिंत उचलते.

२४० व्होल्टचा चार्जर असेल तर हा प्रश्नच येत नाही. ३० अँपिअरला ७.२ किलोवॅट मिळतात. पण लक्षात घ्या, गाडी आत किती घेऊ शकते ही मर्यादाही असते. रॅव्ह-फोर प्राइमच्या काही आवृत्त्या ३.३ किलोवॅट घेतात, काही ६.६. फक्त प्रीहीटसाठी इलेक्ट्रिशियन बोलावून २४० व्होल्टची लाइन ओढून घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. रात्रीच्या बारा तासांत साध्या सॉकेटवरही रिकामी बॅटरी पूर्ण भरते. पुढे-मागे पूर्ण इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार असेल तर मात्र आताच ओढून घ्या.

किती मिनिटं आधी सुरू करावं?

शून्याच्या आसपास दहा मिनिटं भरपूर झाली. वजा १५ ला पंधरा ते वीस. त्यापेक्षा जास्त वेळ चालवून हाती काही लागत नाही, आणि बऱ्याच गाड्या ठरावीक मिनिटांनी आपोआप बंदच होतात. तापमान २१-२२ वर ठेवा. २७ वर ठेवल्याने गाडी लवकर तापत नाही, हीटर नुसता जास्त वेळ पूर्ण जोरात चालत राहतो.

रोजची निघायची वेळ ठरलेली असेल तर ॲपवर रोज बटण दाबण्यापेक्षा गाडीतच निघण्याची वेळ लावून ठेवा. चार्जिंगही त्याच वेळेच्या आसपास संपेल असं लावा. बॅटरी त्याने फार तापते असं नाही, १२० व्होल्टवर तर जवळजवळ नाहीच, पण ती रात्रभर शंभर टक्के भरलेली पडून राहत नाही आणि ते तिच्या आयुष्याला बरं.

सीट आणि स्टिअरिंगचे हीटर मात्र बिनधास्त वापरा. दोन सीटा मिळून दीडशे वॉटच्या आसपास घेतात. कुठे ते दीडशे आणि कुठे हवेच्या हीटरचे पाच हजार! एकटेच निघाला असाल तर सीट गरम आणि हवा १९ वर, असं करून बघा. रेंजमध्ये फरक दिसेल.

हवामानाच्या ॲपवर वजा ९ आहे, पण ‘फील्स लाइक’ वजा १८. गाडी कोणतं धरते?

वजा ९. वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला किती गार लागतं ते ‘फील्स लाइक’ सांगतं. वाऱ्याने गाडी लवकर गार होते हे खरं, पण हवेच्या तापमानाच्या खाली ती जात नाही. कपडे ‘फील्स लाइक’ बघून घाला, प्रीहीटची मिनिटं खऱ्या तापमानावरून ठरवा.

विजेचं बिल किती वाढेल?

फार नाही. १५ मिनिटांचं सव्वा युनिट धरलं तर स्वस्त वेळेत एका प्रीहीटचा खर्च वीस सेंटांच्या आत राहतो. प्रश्न आहे तो वेळेचा. ऑन्टॅरिओत नेहमीच्या वेळेनुसार दरांच्या योजनेत १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७ हे सगळ्यात महाग तास. रात्री ७ ते सकाळी ७ आणि शनिवार-रविवार पूर्ण दिवस स्वस्त. म्हणजे सात वाजता घर सोडणाऱ्याचं प्रीहीट स्वस्तात होतं, आठला निघणाऱ्याचं महागात. तरी फरक काही सेंटांचाच पडतो. त्यासाठी गार गाडीत बसू नका.

खरी बचत चार्जिंगमध्ये आहे. मे २०२३ पासून मिळणाऱ्या रात्रीच्या अतिस्वस्त दराच्या योजनेत रात्री ११ ते सकाळी ७ दर अगदी खाली असतो, पण संध्याकाळी ४ ते ९ चढा असतो. घरात संध्याकाळी स्वयंपाक, वॉशिंग मशीन, ड्रायर सगळं एकदम चालत असेल तर आधी आपलं जुनं बिल काढून हिशेब करा, मगच योजना बदला.

गॅरेजचं दार बंद ठेवून गाडी तापवली तर चालेल ना? विजेवरच तर चालतेय.

नाही. गाडी प्लग-इन हायब्रिड आहे, इलेक्ट्रिक नाही. तुम्हाला वाटतंय ती विजेवर चालतेय, पण मघाशी सांगितलं तसं थंडी वाढली, डिफ्रॉस्ट लागला किंवा चार्ज कमी असला की इंजिन आपसूक सुरू होऊ शकतं. बंद गॅरेजमध्ये सुरू झालेलं इंजिन कार्बन मोनॉक्साइड सोडतं. या वायूला वास नाही, रंग नाही. घराला जोडून असलेल्या गॅरेजमधून तो आतल्या दारातून घरात आणि वरच्या बेडरूममध्ये शिरतो, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत घात होतो. दार अर्धवट उघडं ठेवणं पुरेसं नाही.

काही व्होल्वो गाड्यांत, विशेषतः उत्तर युरोपात विकल्या गेलेल्या, गाडी उभी असताना आत ऊब द्यायला इंधनावर चालणारा स्वतंत्र हीटर असतो. तिथे इंजिन बंद असूनही धूर बाहेर पडतोच, म्हणजे धोका तोच.

मग करायचं काय? तुमच्या गाडीचं माहितीपुस्तक उघडून बघा: दुरून सुरू केलेलं हीटिंग ‘फक्त विजेवर’ आहे असं स्वच्छ लिहिलेलं असेल, तरच गॅरेजमध्ये वापरा. लिहिलेलं नसेल किंवा शंका असेल तर गाडी बाहेर ड्राइव्हवेवर ठेवा. गॅरेजमध्ये गाडी तशीही बाहेरच्यापेक्षा बरीच उबदार राहते, त्यामुळे तिथे प्रीहीटची गरजच निम्मी होते. आणि घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासा. जोडून गॅरेज असलेल्या घरात झोपायच्या खोल्यांजवळ तो असणं ऑन्टॅरिओत २०१४ पासून कायद्याने बंधनकारक आहे. भाड्याच्या बेसमेंटमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी घरमालकाला हे आवर्जून विचारावं. विचारायला संकोच करू नका.

रिमोट स्टार्ट आणि रिमोट क्लायमेट एकच का?

एकच असेल असं धरून चालू नका. काही गाड्यांत चावीवरचं एसीचं बटण फक्त बॅटरीवर हवा तापवतं, तर ॲपमधलं ‘स्टार्ट’ गाडीच चालू करतं आणि मग गरज पडली तर इंजिनही. घेतल्या दिवशीच दोन्ही करून बघा, बाहेर उभं राहून, मागच्या नळकांड्याकडे लक्ष ठेवून.

टोरोंटोत गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवायला एका तासात एका मिनिटापेक्षा जास्त परवानगी नाही हेही लक्षात असू द्या. विजेवरच्या प्रीहीटला हा नियम आड येत नाही.

ब्लॉक हीटर लावायचा का?

टोरोंटो परिसरात बहुतेकांना गरज नाही. ओटावात किंवा त्याच्या उत्तरेला वजा २० च्या सकाळी नेहमीच्या असतील आणि तुमच्या गाडीचं इंजिन त्या थंडीत सुरू होणारच असेल, तर मात्र लावाच. इंजिन कोमट असलं की लवकर तापतं, लवकर बंद होतं, पेट्रोल वाचतं. विनिपेग, सास्काटून, एडमंटनकडे तर पार्किंगमध्ये ओळीने सॉकेट दिलेली असतात ती त्यासाठीच. ब्लॉक हीटर साधारण ४०० ते ६०० वॉट घेतो. रात्रभर लावू नका, टायमरवर दोन-तीन तास पुरतात.

एक काळजी घ्या: ब्लॉक हीटर आणि गाडीचा चार्जर एकाच सर्किटवर नकोत. १२ अँपिअर चार्जरने घेतलेच आहेत, त्यात आणखी चार-पाच आले की ब्रेकर पडतो, आणि सकाळी ना चार्ज ना ऊब. शेजारची दोन सॉकेट वेगवेगळ्या सर्किटवर असतीलच असं नाही. पॅनेल उघडून एकेक ब्रेकर बंद करून बघा. चार्जरला साधी एक्स्टेंशन कॉर्ड जोडणं तर टाळाच. बारा अँपिअर रात्रभर वाहिले की हलकी वायर गरम होते, तिच्यावर बर्फ साचलेला असला तरी.

चार्जरचा प्लग गाडीत गोठून बसला. ओढू का?

ओढू नका. आधी गाडी अनलॉक करा, कारण बऱ्याच गाड्या प्लगला कुलूप लावतात आणि आपण उगाच बर्फाला दोष देतो. तरीही निघाला नाही तर हँडलवरचं बटण दाबून बघा. ते पूर्ण आत जातं का? जात नसेल तर त्याच्या खालच्या खाचेत बर्फ आहे. बाहेर पाऊस पडून नंतर गोठलं की पाणी बरोबर तिथेच जाऊन बसतं. तळहाताने हँडलवर बाजूने हलके ठोके द्या, बर्फाचा पातळ पापुद्रा तडकतो. नाहीच झालं तर हातमोज्यात गरम हात किंवा कोमट पाण्याची बंद पिशवी मिनिटभर धरा. उकळतं पाणी ओतू नका, ते आत जाऊन पुन्हा गोठेल, तेही विजेच्या जोडणीत.

प्लग काढल्यावर झाकण लगेच लावायची सवय ठेवा. भिंतीवरच्या हुकात प्लग टांगताना त्याचं तोंड खाली असू द्या.

लहान मुलं आहेत. गाडी गरम केल्याने त्यांना खरंच फरक पडतो?

पडतो, आणि तो फक्त उबेचा नाही. फुगीर जॅकेट घालून मुलाला कार सीटमध्ये बसवलं की पट्टा घट्ट वाटतो, पण तो जॅकेटमधल्या हवेवर घट्ट असतो, मुलाच्या अंगावर नाही. धडक बसली तर ती हवा दबते आणि पट्टा सैल पडतो. ट्रान्सपोर्ट कॅनडाही जाड हिवाळी कपडे पट्ट्याच्या आत नकोत असंच सांगतं. घरी एकदा करून बघा: जॅकेटसकट पट्टा नीट आवळा, मग पट्टा न हलवता मूल उतरवा, जॅकेट काढा आणि पुन्हा बसवा. किती सैल पडला ते डोळ्यांनी दिसेल.

वजा १२ ला थंड गाडीत कुठली आई मुलाचं जॅकेट काढेल? गाडी २० अंशांवर असेल तर काढता येतं. स्वेटरवर पट्टा लावायचा, जॅकेट उलटं करून वरून पांघरायचं. भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीतही हेच. गुडघे आखडलेल्या माणसाला गरम सीटवर बसणं-उतरणं सोपं जातं. माझ्या मते घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर प्रीहीटला चैन समजू नये.

प्रीहीट केलं की काचा खरवडायची गरज नाही ना?

दव गोठलेलं असेल तर नाही. वर बर्फ पडलेला असेल तर तो आधी झाडा, नाहीतर हीटर वरचा थर वितळवण्यात शक्ती घालवतो आणि वितळलेलं पाणी वायपरपाशी जाऊन पुन्हा गोठतं. छतावरचा बर्फही काढा. तुम्ही ब्रेक दाबलात की तो पुढच्या काचेवर येतो, वेगात असलात की मागच्या गाडीवर. गरम पाणी काचेवर ओतायचं नाही, काच तडकते.

मोठी बॅटरी भरलेली, तरी सकाळी गाडी मेली होती. असं कसं?

बहुधा छोटी बॅटरी बसली. प्लग-इन हायब्रिडमध्येही १२ व्होल्टची साधी बॅटरी असते आणि गाडीला जागं करायचं काम तिचं. दिवसभर ॲप उघडून चार्ज बघत राहिलं, की दर वेळी गाडी जागी होते आणि ही छोटी बॅटरी थोडी थोडी रिकामी होते. थंडीत तिची ताकद आधीच कमी असते. ती चार-पाच वर्षांची झाली असेल तर हिवाळ्याआधी तपासून घ्या.

रेंज अर्ध्यावर आली. थंडीने बॅटरी कायमची खराब होते का?

थंडीतली घट तात्पुरती असते. गारठ्यात बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो, हीटर वीज खातो, हवा घट्ट होते, टायरमधली हवा कमी होते (दर साडेपाच अंशांना सुमारे एक पीएसआय). रॅव्ह-फोर प्राइमची अधिकृत रेंज ६८ किलोमीटर आहे. वजा १० ला ती ४०-४५ वर आली तर दचकू नका, एप्रिलमध्ये परत येते.

लिथियम बॅटरीला खरा त्रास होतो तो शून्याखाली जोरात चार्ज केल्याने, कारण मग लिथियम धातूच्या रूपात आतल्या पट्टीवर जमू लागतं. हे टाळायला गाडी स्वतःच चार्जिंग हळू करते आणि ब्रेक दाबल्यावर परत मिळणारी वीजही कमी घेते. सकाळी पहिल्या काही किलोमीटरला ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही ती याचमुळे. पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

कॉन्डोत राहतो, पार्किंगमध्ये प्लग नाही. काही उपयोग?

तळघरातलं पार्किंग असेल तर गाडी तशीही शून्याच्या वर राहते. प्रीहीट सोडून द्या, सीट गरम करा आणि निघा. तळघरात इंजिन चालू ठेवून गाडी तापवू नका, वर सांगितलेला धोका तिथेही आहे. उघडं पार्किंग असेल आणि इंजिन सुरू होणारच असेल, तर त्याचा उपयोग करून घ्या: हायवेचा भाग इंजिनावर चालवा, तोपर्यंत गाडी तापते, आणि शहरातला थांबत-थांबत जाणारा भाग बॅटरीवर.

इंजिन सुरू झालंच तर ते लगेच बंद पाडायचा प्रयत्न करावा का?

नको. हीटर बंद करून दोन मिनिटांत त्याला गप्प केलं की तेलात पेट्रोल आणि पाण्याचा अंश राहून जातो. एकदा सुरू झालंय तर पूर्ण तापू द्या. हिवाळाभर सगळ्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्याच असतील, तर आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा आणि तेल वेळेवर बदला.

पुण्यातला भाऊ विचारतोय, त्याच्या हायब्रिडला हे करता येईल का?

इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटाराची हायब्रिड असेल तर ती प्लगला लागतच नाही, त्यामुळे भिंतीतल्या विजेवर तापवायचा प्रश्न येत नाही. आणि डिसेंबरातल्या पुण्याच्या ८-१० अंशांना त्याची गरजही नाही. सुरू करून सावकाश निघालं की झालं.

जुनी प्लग-इन हायब्रिड घेतोय. थंडीच्या दृष्टीने काय बघू?

गाडीत हीट पंप किंवा विजेचा हीटर आहे का हे पहिलं. जाहिरातीत ‘हीटेड’ एवढंच लिहिलेलं असतं, ते सीटबद्दल असतं. मग दुरून सुरू करायची सोय कशावर चालते ते विचारा. ॲपवर असेल तर वर्गणी चालू आहे का, आधीच्या मालकाचं खातं काढलंय का. फार जुनी गाडी असेल तर ॲपची जोडणी मुळात उरली आहे का हेही बघा. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी नेटवर्क बंद झालं तेव्हा अनेक गाड्यांची ती सोय कायमची गेली. चावीवरचं बटण आणि गाडीतला टायमर मात्र तशा गाडीतही चालतो. चार्जिंग केबल मूळची आहे का, तिचं टोक करपलेलं तर नाही ना, तेही हातात घेऊन बघा.

आणि गाडी बघायला सकाळी लवकर जा. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी चालवून गरम करू नका, चार्ज मात्र भरून ठेवा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून ती गारच आहे याची खात्री करा. मग ईव्ही मोड, हीटर २२ वर, आणि पाच मिनिटं नुसतं बसून ऐका. इंजिन सुरू झालं तर त्या क्षणी डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान किती दिसतंय ते टिपून घ्या.